टॅबिथाबाईंची दुरुस्त आवृत्ती

माझ्या सवतीचं नाव टॅबिथा ग्रीनलॉ. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या एका कोळ्यांच्या गावात ती शाळा शिकवायची, कविता करून पेटीत टाकायची, आणि माझ्या जन्माच्या शंभर वर्षं आधीच वारली. तरी सांगलीतल्या आमच्या घरात तिचा मान माझ्याहून मोठा होता. आमचे हे, प्राध्यापक जयकुमार आरवाडे, कॉलेजात एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कविता शिकवायचे. नोकरीची सगळी वर्षं हेच. सकाळी दाढी करताना टॅबिथाबाई, जेवताना टॅबिथाबाई. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि नवऱ्याचं बोलणं कधीच जात नाही, एवढं मला चांगलं समजलं होतं.

"अहो, त्या बाईला जरा बाजूला ठेवा आणि गॅसचा नंबर लावा," असं मी म्हणायची.

"विज्ञानबाई," ते म्हणायचे, "तिला बाजूला ठेवलं तर माझ्यात उरतं काय?"

हे त्यांनी थट्टेत म्हटलेलं. नंतर ते खरं झालं, म्हणून सांगते आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांना झटका आला. मेंदूची डावी बाजू गेली, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं बंद झालं. समजत सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं. पण 'पाणी' म्हणायला जायचे आणि तोंडातून नुसतं 'तं, तं' यायचं. मान हलवून हो-नाही सांगण्याचाही भरवसा नव्हता. हो म्हणायचं असायचं आणि मान आडवी हलायची, मग स्वतःवरच चिडायचे. डावा हात लिहायला धजत नव्हता. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस, आणि त्याला चहात साखर हवी की नको हे विचारायची सोय राहिली नाही. मी देवाला शिव्या घातल्या. कुणाला तरी घालायलाच हव्या होत्या.

मिरजेच्या एका इस्पितळात तेव्हा लयसेतूच्या चाचण्या चालू होत्या. ऋचा भोकरे नावाची तरुण संशोधक ते काम बघायची. तिने मला जे सांगितलं ते मी शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सांगते. बोलणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं. पण गाणं, आरती, पाठ कविता, यांची लय बऱ्याच अंशी उजवीकडे सांभाळली जाते. म्हणून वाचा गेलेला माणूसही कधीकधी अख्खी आरती म्हणतो. आपल्याला वाटतं चमत्कार झाला. चमत्कार नाही, पुढचा दरवाजा बंद झाला तरी मागचा उघडा आहे, एवढंच. लयसेतू म्हणजे उजव्या मेंदूवर बसवलेली एक पातळ जाळी. माणसाच्या हाडीमांसी मुरलेली एखादी लय ती हळूच वाजवत राहते, आणि त्या लयीवर मनातले शब्द चढून बसतात. जाळी ते टिपते आणि गळ्यातला बोटभर स्पीकर ते बोलून दाखवतो.

"फक्त लय ज्याची त्याची असते, काकू," ऋचा म्हणाली. "कुणाची अभंगाची निघते, कुणाची अंगाईची. एका आजोबांची तर कबड्डीची निघाली."

"आमच्यांची?"

ती जरा घुटमळली. "आठ अक्षरं, सहा अक्षरं, परत आठ, परत सहा. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. अमेरिकेत चर्चमध्ये अशी गाणी म्हणायचे. सरांच्या मेंदूत हीच सर्वांत खोल आहे."

म्हणजे टॅबिथाबाईच! लग्नात म्हटलेली मंगलाष्टकं गेली, आईची गाणी गेली, आणि ही बया पाय रोवून बसलेली. मी कपाळावर हात मारला. पण दुसरा दरवाजा होता कुठे?

जाळी बसवल्यावर तीन आठवड्यांनी ते बोलले. मी पलंगाशी उभी होते, हातात कप होता. स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. कॉलेजच्या जुन्या चित्रित तासांवरून ऋचाने तो घडवला होता.

विज्ञानबाई, बस ना,
चहा गार झाला;
किती वेळची उभी तू,
दिस सरू आला.

माझ्या हातातला कप खाली गेला. कप गेला तर गेला. इतक्या महिन्यांनी कुणी मला विज्ञानबाई म्हटलं होतं. पण ती शेवटची ओळ मात्र काळजात रुतली. हे मला निरोप देत होते की काय? मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी डावा हात उचलून पलंगाच्या कडेवर थाड्‌दिशी आपटला. चेहरा लाल झाला होता.

"झटक्यानंतर होतं असं," ऋचा म्हणाली. "हाताला आपोआप झटके येतात."

आम्ही ते मान्य केलं. त्यानंतर ते रोज थोडं बोलायचे आणि बोलून झालं की बहुतेक वेळा हात आपटायचे. कपड्यांच्या घड्यांपासून आमटीतल्या मिठापर्यंत सगळं चार ओळींत यायचं. कुठेतरी दिवा विझायचा, कुठे संध्याकाळ व्हायची, कुणी पलीकडून बोलवायचं. माझं मन धास्तावलं. बरा होत असलेला माणूस आमटीवर बोलता बोलता मरणावर का येतो?

मग मी ठरवलं, ज्या भाषेत नवरा बोलतो ती शिकायची. शाळेत असताना कवितेच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायची. आता साठी उलटल्यावर दुपारची कामं आटोपून त्यांचेच जुने तास लावून बसू लागले. कोरोनाच्या साथीत कॉलेज बंद होतं, तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत त्यांनी ते चित्रित केले होते. मधूनच माझ्या कुकरची शिट्टी ऐकू येते आणि हे तोंड वाकडं करतात.

काय काय शिकले! निर्जीवाला माणूस करून बोलवतात त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात. समोर नसलेल्याला हाक मारून कविता सुरू करता येते. त्या शतकात घराघरात पोरं जायची, बाळंतिणी जायच्या, म्हणून त्या कवितांत मरण सारखं पाहुण्यासारखं येतं-जातं. आणि एक वाक्य तर ते प्रत्येक तासाला म्हणायचे: "कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे. आधी विचारा, हे बोलतंय कोण?"

शिकता शिकता मला टॅबिथाबाई आवडायला लागली, हे कबूल करायला लाज वाटते. चर्चच्याच चालीवर ती देवाला प्रश्न विचारायची. चाल भाविकाची, शब्द शंकेखोराचे. बाई खमकी होती.

पावसाळा संपता संपता तपासणीत नवीनच काहीतरी निघालं. उजव्या मेंदूत, बरोबर जाळीखाली, एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. डॉक्टर शिरगुप्पे हे तिथले मेंदूचे सर्जन. शाळेत माझे विद्यार्थी, विजेच्या धड्यात कायम कच्चे. माझ्यासमोर आले तेव्हा पुन्हा नापास झाल्यासारखे उभे राहिले.

"बाई, स्पष्ट सांगतो. ऑपरेशन केलं तर सर पुष्कळ वर्षं जगतील. डावा हातही वाचेल. पण जाळी काढावी लागेल आणि तिच्याखालचा भागही जाईल. बोलणं परत कधीच येणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"बोलतील. पण फुगा कधीही फुटेल. दिवाळी बघतील की नाही, सांगता येत नाही."

"मग ठरवायचं कुणी?"

"सरांनी. नव्या कायद्यात यंत्रातून आलेलं बोलणं रुग्णाचंच धरतात. तुम्ही किंवा मी ते बदलू शकत नाही."

त्यांनी सगळं समजावून यांना विचारलं. हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग स्पीकर बोलला:

दिवा शांत होऊ दे ना,
तेल संपलेले;
सुखे जाऊ दे मला तू,
बोलून झालेले.

आणि हात आपटला. एकदा नाही, तीनदा.

डॉक्टरांनी मान खाली घातली. ऋचाचे डोळे भरले. "किती शांतपणे सांगितलं सरांनी," ती म्हणाली.

खरं सांगू? माझ्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. निदान तोवर बोलतील तरी माझ्याशी. पलंगाशी बसून चार ओळी ऐकायच्या, दुसरं काय हवं? मग स्वतःचीच चीड आली. बोलणं माझ्यासाठी हवं आणि मरायचं त्यांनी, हा कुठला न्याय?

डॉक्टरांनी दोन दिवस थांबायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा तास लावला. टॅबिथाबाईच्या मरणानंतर तिच्या कविता तिच्या पुतण्याने छापल्या, त्याची गोष्ट होती. पुतण्या पाद्री. त्याला आत्याची यमकं अर्धीमुर्धी वाटली, म्हणून त्याने ती घासूनपुसून पुरी केली. जिथे आत्या देवाशी भांडत होती, तिथे त्याने तिला हात जोडायला लावले. ती दुरुस्त आवृत्ती शंभर वर्षं जगभर खपली. मूळ हस्तलिखितांवरून खरी आवृत्ती निघाली ती फार उशिरा.

पडद्यावर हे बोलत होते: "ती मुद्दाम यमक अर्धं सोडते. पुरं यमक म्हणजे दार लागल्याचा आवाज. तिला दार लावायचं नाही. जिथे तिचं यमक चुकतं तिथे ती स्वतः उभी असते. आणि हा शहाणा काय करतो? बघा." त्यांनी पुतण्याने दुरुस्त केलेली ओळ वाचली आणि टेबलावर थाड्‌दिशी हात आपटला.

मी ताडकन उठले. मागे नेऊन पुन्हा बघितलं. तेव्हाचा हात उजवा होता, आताचा डावा. पण थाप तीच. आपटायच्या आधी ओठ आवळायचे, तेही तसेच.

माझा नवरा झटक्याने हात आपटत नव्हता. तो यंत्रावर ओरडत होता!

मी रिक्षा करून थेट मिरजेला गेले.

"ऋचा, मला एक सांग. जाळीला यांचं सगळं बोलणं स्पष्ट ऐकू येतं?"

"सगळं नाही, काकू. निम्म्याहून थोडं जास्त. बाकीचं यंत्र अंदाजाने भरतं."

"अंदाज कशावरून?"

"यमकावरून. यमक फार उपयोगी पडतं. दुसरी ओळ 'झाला' म्हणून संपली तर चौथीत काय येऊ शकतं ते आपोआप कमी होतं ना! गोंगाटातला शब्द पकडायला तीच खूण. आणि सर ज्या कविता शिकवायचे त्या आम्ही यंत्राला आधी वाचायला दिल्या. इंग्रजी असल्या तरी सरांच्या मनाचं वळण यंत्राला कळावं म्हणून."

"टॅबिथा ग्रीनलॉच्या?"

"हो, सगळ्या."

"कुठली आवृत्ती?"

ती गोंधळली. "आवृत्ती म्हणजे? इंटरनेटवर फुकट मिळते ती. नवीन आवृत्तीचे हक्क प्रकाशकाकडे आहेत, परवानगीला वर्ष लागलं असतं. कविता त्याच आहेत ना, काकू?"

"त्याच नाहीत ग बाई!" मी खुर्चीत बसले. "तुम्ही यांच्या डोक्यावर तो पुतण्या आणून बसवलात. आयुष्यभर ज्याच्याशी भांडले, तोच आता यांच्या तोंडून बोलतोय. यमक अर्धं आलं की यंत्र त्याला चूक समजतं आणि पुरं करतं. आणि पुरं करताना हात जोडून मरायला पाठवतं!"

ऋचा पांढरी पडली. चूक तिची होती म्हणावं तर होती, पण तिने ती लपवली नाही. लगेच संगणकाकडे वळली. "पहिल्या दिवसापासूनचे मूळ संकेत साठवलेले आहेत," ती म्हणाली. "दुरुस्ती बंद करून ऐकता येतील. शब्द तुटक येतील. काही गाळलेले राहतील."

"राहू देत. मला पहिल्या दिवसाचं ऐकव."

खरखर झाली. मग त्यांचा आवाज, अडखळत, थांबत:

विज्ञानबाई, बस ना,
चहा गार झाला;
किती वेळची उभी तू,
पाय दुखतील.

मी पदर तोंडाला लावून रडले. निरोप कसला आणि काय कसलं. माझे पाय दुखतील म्हणून बसायला सांगत होता माणूस, आणि मी इतके महिने त्यात मरण ऐकत बसले होते. 'झाला' आणि 'दुखतील', म्हटलं तर यमक, म्हटलं तर नाही. त्या एवढ्याशा फटीत माझा नवरा उभा होता आणि आम्ही त्याच्या तोंडावर दार लावत होतो.

"कालचं लावू?" ऋचाने विचारलं.

"नको. काल त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्यासमोर, डॉक्टरांच्या देखत ऐकायचं. त्यांनाच पुन्हा विचारायचं."

शिरगुप्पे आधी तयार होईनात. "बाई, पहिलं उत्तर स्वच्छ होतं. हे तुटक असणार. तुटक्यावर मी चाकू कसा धरू?"

"शिरगुप्पे, स्वच्छ होतं म्हणूनच खोटं होतं. कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे. कालचा 'मी' माझा नवरा नव्हता." मी त्यांना पुतण्याची गोष्ट सांगितली, दोन्ही ध्वनिफिती ऐकवल्या. पाय दुखतील ही ओळ त्यांनी दोनदा ऐकली. मग उठले आणि आमच्याबरोबर खोलीत आले.

ऋचाने यांच्या समोर खुर्ची ओढली. "सर, माझं चुकलं. मी तुम्हाला दुरुस्त आवृत्ती दिली. आता ती बंद केली आहे."

यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने ते हसले. काय सांगू, लग्नातही असे हसले नव्हते.

डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला. ऑपरेशन केलं तर काय, नाही केलं तर काय, सावकाश. मी त्यांचा हात धरला नाही. माझ्या हाताचं ओझं उत्तरावर पडायला नको होतं.

स्पीकर खरखरला. एकेक शब्द वेगळा, मध्ये लांब थांबे:

दिवा नको शांत करू,
तेल आहे थोडं;
जाऊ दे बोलणं माझं,
राहू तुझ्याकडे?

हात आपटला नाही. तो चादरीवर नुसता पडून होता.

शब्द कालचेच होते. दिवा, शांत, तेल, जाऊ दे, बोलणं. त्यांच्या मधल्या जागा कुणी भरल्या, एवढाच फरक.

मी पाहिलं, सर्जन शिरगुप्पे खिडकीकडे तोंड करून उभे होते. "बाई," ते म्हणाले, "हे शेवटी प्रश्न विचारतायत. उत्तर तुम्ही द्यायचं आहे."

ज्याच्याशी भांडत, ज्याला ऐकत माझा जन्म गेला, तो माणूस आपला आवाज काढून ठेवायला निघाला होता, आणि तेही परवानगी मागून. मला मोठ्याने रडावंसं वाटलं. नको म्हणावंसंही वाटलं. दोन्ही गिळलं.

"राहा की," मी म्हटलं. "जाताय कुठे?"

ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ते भरपूर बोलले. तुटकं, फाटकं, अर्ध्या यमकांचं. माझ्या कुकरला नावं ठेवली, टॅबिथाबाईची बाजू घेतली, शिरगुप्पेंची विजेच्या धड्यावरून फिरकी घेतली. ऋचाने विचारलं, "हे साठवून ठेवू?" त्यांनी नको म्हणून पलंगावर थाप मारली. शेवटच्या सकाळी काही विशेष बोलले नाहीत. चष्मा नीट पुसून ठेव, एवढंच, तेही तीन ओळींत. चौथी आलीच नाही, स्ट्रेचर आलं.

ऑपरेशन नीट झालं. फुगा गेला, जाळी गेली, बोलणं गेलं. शुद्धीवर आल्यावर पाच दिवस ते छताकडे बघत पडून राहिले. शिरगुप्पे म्हणाले वाट बघा. मी वाट बघत होते, पण आत भीती बसली होती. आवाजाबरोबर आतला माणूसही काढून टाकला असला तर? मी काय बोलले, काय ऐकवलं, तरी डोळा हलत नव्हता.

सहाव्या दिवशी मी टॅबिथाबाईला घेऊन गेले. खरी नाही, मुद्दाम पुतण्याची. त्यांच्या कपाटात ती सर्वांत खालच्या फळीवर, उलटी ठेवलेली असायची. पलंगाशी उभी राहून मी माझ्या सांगलीच्या इंग्रजीत वाचायला लागले. आठ, सहा, आठ. चौथ्या ओळीचं गुळगुळीत पुरं यमक मी ठासून म्हटलं.

थाड्!

पलंगाची कड हादरली. ओठ आवळलेले, डोळे माझ्यावर रोखलेले. मी पुस्तक मिटलं आणि हसत रडत तिथेच उभी राहिले. होते. सगळेच्या सगळे होते.

मग त्यांनी हात पुन्हा उचलला. या वेळी हळू, आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेवर दोनदा थोपटलं, आणि माझ्या पायांकडे बघितलं.

मी बसले.